केसराक्काचं धाबं

केसराक्का कुणाच्याही घरी गेली तरी उंबऱ्यात थांबायची, आधी वर बघायची आणि मगच आत यायची. 'या, बसा' म्हणणाऱ्याकडे तिचं लक्ष नसे. तुळया, त्यांवरची लाकडं, भिंतींचे कोपरे, सगळ्यावरून तिची नजर एकदा फिरे. मग ती खाली बघे आणि खोलीत माणसं किती आहेत ते मोजी. ओठ हलताना दिसत. मोजून झालं की दाराजवळची जागा धरून बसे. गावातल्या बायका म्हणत, हिची नजर चांगली नाही, घराला लागेल. मलाही पहिले काही दिवस तसंच वाटलं, हे कबूल करायला हवं.

मी धुळ्याला ट्रेनिंग संपवून अमळनेर तालुक्यातल्या बोरी नदीकाठच्या एका गावी मुलींच्या शाळेवर आले, तेव्हा शाळा म्हणजे दौलतआबांच्या गोठ्याची अर्धी बाजू होती. आबा गावातले मोठे शेतकरी आणि शाळा कमिटीचे प्रमुख. मुली शिकल्या पाहिजेत असं म्हणणारा त्या गावात तो एकच पुरुष, म्हणून त्यांनी बैलांना सरकवून मुलींना जागा दिली होती. मी फळ्यावर बाराखडी लिहायची आणि मागून बैल शेपटीनं माश्या वारायचे. पावसाळ्यात मुली पाटीवर कमी आणि पायाखालच्या चिखलाकडे जास्त बघत.

आबांच्या मनात पत्र्याची शाळा होती. अमळनेरला त्यांनी तशी पाहिली होती. पण जर्मनीची लढाई पेटली आणि पत्रे बाजारातून नाहीसे झाले. सिमेंटचं तर नावच नको. "पत्रा लढाईवर गेला, बाई," आबा हताश होऊन म्हणत, "आता तो जिंकून येईल तेव्हा शाळा."

आबांच्या बैलगाड्यांचं सुतारकाम अमळनेरचे रहीमचाचा करत. पिढीजात सुतार, बोलणं कमी, हातात कायम पेन्सिलीचा तुकडा. तेच एकदा म्हणाले, "आबा, पत्र्याचा नाद सोडा. नदीत दगड आहे, गावाच्या टेकाडावर पांढरी माती आहे, बांधावर निंब आहे, शेतात कापसाची पऱ्हाटी आहे. वर मातीचं सपाट धाबं घाला. तुमच्या आज्याचं घर धाब्याचंच होतं ना?"

"घालायला माणूस कुठं राहिलाय आता? जो तो कौलं मागतो."

"माणूस नाही. बाई आहे. मी आणतो."

आठ दिवसांनी त्यांच्या दमणीतून केसराक्का उतरली. पन्नाशीची, उंच, वाळलेल्या शेंगेसारखी. कपाळ मोकळं, पदर कमरेला घट्ट खोचलेला. कुणाला रामराम केला नाही की पाणी मागितलं नाही. थेट टेकाडावर गेली, माती उकरली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकली. भिंतींना ही चालेल, म्हणाली, पण धाब्याला नाही. मग नदीकाठची चाखली. मग आबांच्या मळ्यातली. गावातली पोरंटोरं आणि बायका मागे मागे, ही बाई माती खाते म्हणून बघायला. शेवटी गावाबाहेरच्या एका उजाड तुकड्यावर ती बसली. तिथं काही पिकत नसे, पांढरी खार वर आलेली असे. तिथली माती तिनं जिभेवर घोळवली आणि थुंकली नाही.

"जठे गवत उगस नही, ती माटी," ती म्हणाली. "हाई आना."

"त्या जमिनीला आम्ही शिव्या देतो, अक्का," आबा म्हणाले.

"मंग आते देऊ नका," ती म्हणाली. तिला हसताना मी पाहिलं नाही, पण हे वाक्य तिनं जरा लांबवून म्हटलं होतं.

काम माघात सुरू झालं. घरटी एक माणूस असा आबांनी नेम घातला. पुरुषांनी नदीतून काळा दगड आणून जोतं भरलं. त्यावर हातभर रुंदीच्या मातीच्या भिंती चढल्या. माती तुडवायला आधी पुरुष उभे राहिले, पण अक्काला त्यांचं तुडवणं पसंत पडेना. "हाई नाचस, तुडवत नही," म्हणत तिनं त्यांना बाजूला काढलं आणि म्हशी फिरवल्या. तोडलेला निंब महिनाभर नदीच्या डोहात बुडवून ठेवला, म्हणजे कीड लागत नाही. मग तो सावलीत वाळला. रहीमचाचांनी तुळया तासल्या. प्रत्येक तुळई भिंतीवर चढण्याआधी अक्का तिच्या एका टोकाला कान लावी आणि दुसऱ्या टोकावर कुणाला तरी दगडानं ठोकायला सांगी. डोळे मिटून ऐके. एखादी तुळई ती चारचारदा ठोकायला लावी. रहीमचाचा न कंटाळता थांबत.

एक तुळई तिनं नाकारली. नेमकी ती आबांच्या दारच्या निंबाची होती. आबांनी तो निंब शाळेसाठी मुद्दाम तोडला होता.

"काय वाईट आहे तिच्यात?" आबांचा आवाज चढला. "माझ्या आईनं लावलेलं झाड आहे ते."

"आतमा बोद शे."

"दिसत तर नाही कुठं!"

"दिसत नही म्हनीसनच सांगस. आबा, निंब तुमना शे. पोरी कोन्या शेतस?"

आबांनी ती तुळई बाजूला ठेवायला सांगितली. त्या तुळईचं पुढे शाळेच्या ओट्यावर बसायला बाकडं झालं. तासताना मधोमध खरंच पोकळ निघाली. तेव्हापासून आबा तिच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. म्हणजे, तीन वर्षं तरी गेले नाहीत.

धाबं घातलं तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर पऱ्हाटीच्या काड्या, त्यांवर निंबाच्या पाल्याचा थर, मग ओला चिखल आणि सगळ्यात वर ती खारी माती. गावातल्या साठेक बायका लाकडी चोपण्या घेऊन वर चढल्या होत्या. धाबं चोपताना गाणं म्हणायची रीत. एकीनं सूर धरला, बाकीच्यांनी उचलला. अक्का खालून शिडीनं वर आली.

"गानं बंद करा."

बायकांना वाटलं, ती थट्टा करते आहे.

"बंद करा म्हनस ना! माले आयकू येत नही."

काय ऐकू येत नाही, ते कुणी विचारलं नाही. तिचा चेहरा बघून चोपण्याच थांबल्या. मग पुन्हा सुरू झाल्या, पण मुक्यानं. साठ बायका, भर दुपार, आणि तोंडातून अक्षर नाही. नुसता धप, धप, धप. मी खाली अंगणात उभी होते. भिंतीतून, जमिनीतून तो आवाज पायात शिरत होता. कुणाच्या तरी मयतीला आल्यासारखं वाटत होतं. अक्का धाब्याच्या कडेनं फिरत होती, मधेच हात वर करून सगळ्यांना थांबवत होती, गुडघ्यावर बसून ओल्या मातीला कान लावत होती. संध्याकाळी उतरताना एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, हाई शाळा शे का मसन?"

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी रहीमचाचा एकटे दार बसवत होते तेव्हा मी विचारलं, "चाचा, अक्काला एवढं कसलं भय आहे?"

त्यांनी पटाशी खाली ठेवली. "तुम्हाला सांगायला पाहिजे," ते म्हणाले. "तुम्ही खाली बसणार आहात."

अक्काचा नवरा गोविंदा गवंडी. तो भिंती उभारायचा, ती धाबी घालायची, आणि लाकूडकाम रहीमचाचांचं. तापीच्या काठावर, चोपड्याच्या वाटेवर एका गावात तिघांनी धर्मशाळा बांधली. अक्का तेव्हा तिशीत होती. दुसऱ्या पावसाळ्यात धाबं एका ठिकाणी गळू लागलं. खरं तर जुनी माती काढून मग नवी घालायची असते. पण काढायला माणसं लागतात आणि गावानं माणसं दिली नाहीत. 'वरून चार टोपल्या टाक, भागेल,' म्हणाले. अक्कानं टाकल्या. पुढच्या वर्षी पुन्हा टाकल्या. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. वरचं ओझं वाढत गेलं. श्रावणात गोविंदा घरी येऊन म्हणाला, 'मधली तुळई करकरते.' ती म्हणाली, 'लाकूड शे, बोलीच.' दुसऱ्या दिवशी सर आली तेव्हा शेतात निंदणी करणाऱ्या पाच बाया धर्मशाळेत आडोशाला शिरल्या. गोविंदा तुळईला टेकू द्यायला आत गेला होता.

"आणि अक्का?" मी विचारलं.

"ती वर होती. गळतं तिथं माती टाकत होती." रहीमचाचांनी पेन्सिलीचा तुकडा कानामागून काढला, पुन्हा कानामागे ठेवला. "धाबं तिला घेऊनच खाली आलं. तिला खरचटलंसुद्धा नाही, बाई. ती ढिगाऱ्याच्या वर बसलेली होती आणि सहा जण खाली. मी पोचलो तेव्हा हातानं माती उकरत होती आणि मोजत होती. एक, दोन, तीन... पुन्हा एक, दोन, तीन."

ते ऐकल्यावर तिच्या मोजण्याकडे मला सरळ बघवेना.

शाळा सुरू झाली. दुपारच्या उन्हात गोठ्यापेक्षा ती कितीतरी गार. बाहेर वैशाख भाजून काढत असताना मुली भिंतीला पाठ लावून पाढे म्हणत. आजूबाजूच्या गावांहून माणसं बघायला आली. त्यांतल्या दोन गावांनी अक्काला बोलावलंही. ती जाई, काम करी, पण वर्षातून दोनदा आमच्याकडे येई: एकदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, एकदा भर पावसात. आखाजीला बायकांना वर चढवून जुनी माती काढायला लावी, मगच नवी घालू देई. धाब्याच्या कठड्याच्या आतल्या बाजूला तिनं दगडावर एक रेघ कोरली होती. त्या रेघेच्या वर माती जाता कामा नये, हे तिनं मला इतक्या वेळा बजावलं की मी चिडायची. वर्गात आली की उंबऱ्यातून वर बघायची, मग मुली मोजायची आणि मला आकडा सांगायची. "सव्वीस शेतस." मुलींना त्याची गंमत वाटे. त्या हजेरी तिच्याकडूनच घ्या म्हणत.

तिसऱ्या वर्षी ती आखाजीला आली नाही. पाचोऱ्याकडे कुठं तरी चावडीचं काम चाललं होतं. त्या पावसाळ्यात धाब्याचा एक कोपरा पाझरू लागला, आणि नेमकी शाळा तपासणीसांच्या येण्याची वर्दी आली. शाळा चालू राहायची तर त्यांचा शेरा चांगला पडायला हवा होता. आबा म्हणाले, "बाई, चार टोपल्या टाकून घेऊ. अक्का आली की मग नीट करू."

मी हो म्हटलं. रेघ मला माहीत होती. तरी मी हो म्हटलं.

तपासणीस आले त्या सकाळी सगळं सुरळीत चाललं होतं. मुली नवी परकर-पोलकी घालून आलेल्या. सुभद्रा नावाची माझी सगळ्यात हुशार मुलगी खान्देशातल्या नद्या सांगत उभी होती. तापी, गिरणा, पांझरा, बोरी. तेवढ्यात दारात केसराक्का उभी राहिली. पायांना चिखल, डोक्यावर गोणपाट. पाचोऱ्याहून अमळनेरपर्यंत गाडीनं आणि पुढे पायी आली होती. तिनं वर पाहिलं. मी तिला खुणेनं थांबा म्हटलं. तिनं मला पाहिलंच नाही. तिचं तोंड उघडं पडलं आणि मग ती ओरडली.

"बाहेर! बठ्ठ्या बाहेर! पळा!"

तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. मुली किंचाळत दाराकडे धावल्या. तपासणीसांची खुर्ची कोसळली. दारात चेंगराचेंगरी झाली, सुभद्रा पडली आणि तिच्या अंगावरून इतर गेल्या. अक्का आत शिरून एकेकीला दंडाला धरून बाहेर फेकत होती आणि मोजत होती. शेवटची मुलगी बाहेर आली, मी बाहेर आले, अक्का बाहेर आली. सगळे अंगणात उभे राहून शाळेकडे बघू लागले.

काही झालं नाही.

पाऊस भुरभुरत होता. शाळा होती तशीच उभी होती. सुभद्रा ओट्याजवळ हात पोटाशी धरून रडत होती. तिचं मनगट मोडलं होतं. तपासणीस उपरणं झटकत आबांना काही तरी इंग्रजीत बोलले, मग मराठीत म्हणाले, "ही शाळा आहे की काय आहे?"

रहीमचाचांना अमळनेरहून बोलावलं. त्यांनी धाबं एका बाजूनं उघडलं, प्रत्येक तुळई ठोकली, भिंतीतल्या टोकांपर्यंत हात घालून पाहिलं. माती रेघेच्या चार बोटं वर होती. तुळया सगळ्या धडधाकट. "एकीलाही काही नाही," ते मान खाली घालून म्हणाले. हे बोलणं त्यांना जड गेलं हे दिसत होतं.

अक्का ओट्याच्या कडेला उभी होती. मी तिच्यापाशी गेले. सुभद्राचे वडील नुकतेच सगळ्यांसमोर सांगून गेले होते की पोरीला पुन्हा शाळेत पाठवणार नाही. माझं डोकं फिरलं होतं. आणि आत कुठं तरी त्या चार टोपल्या सलत होत्या, त्याचाही राग मी तिच्यावरच काढला.

"अक्का," मी म्हणाले, "तो करकरण्याचा आवाज आमच्या धाब्यात नाही. तुमच्या डोक्यात आहे."

ती चिडेल असं मला वाटलं होतं. तिनं नुसती मान हलवली.

"हां, बाई. डोकामाच शे." मग थोडं थांबून म्हणाली, "पन मी कसं वळखू, कोनता डोकामधला नि कोनता धाबामधला?"

मी तिथून निघून मुलींकडे गेले.

आबांनी तिला पुन्हा येऊ नको म्हणून सांगितलं. तरी ती लगेच गेली नाही. तीन दिवस एकटी धाब्यावर चढून वरची माती टोपलीनं खाली आणत होती. कुणी हात लावला नाही. मीही वर गेले नाही. मी पुन्हा आबांच्या गोठ्यात मुलींना शिकवत होते, आणि खारी माती अंगणात पडल्याचा आवाज थोड्या थोड्या वेळानं येत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी तो थांबला. मी बाहेर येऊन पाहिलं तर माती रेघेला लागून सारखी चोपलेली होती आणि ती गेली होती.

तपासणीसांचा शेरा वाईट पडला, पण आबांनी खटपट करून शाळा टिकवली. सुभद्रा परत आली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. आखाजीला मी स्वतः बायकांबरोबर वर चढले आणि जुनी माती काढल्याशिवाय नवी घालू दिली नाही. एकदा तर आबांशी त्यावरून भांडलेसुद्धा. वर्गात शिकवताना कधी कधी माझं बोट नकाशावर थांबे आणि मी वर बघत राही. मुली विचारत, "बाई, काय ऐकता?" मी म्हणे, काही नाही. वाऱ्यानं लाकूड ताणलं जायचं, तेवढंच.

लढाई संपली. रहीमचाचा वारले. इंग्रज जाणार अशी बोलणी चावडीवर रोज होऊ लागली, त्याच सुमारास माझी बदली चोपडा तालुक्यात झाली. तिथं कळलं की सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात दवाखाना बांधला जातोय आणि धाबं घालायला एक म्हातारी आली आहे. वर्णन ऐकून ती कोण ते मी ओळखलं. पहिल्याच रविवारी मी बैलगाडी करून गेले. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. चूक माझी होती, टोपल्यांना मीच हो म्हटलं होतं, असं काही.

भिंती पुऱ्या झाल्या होत्या. डोंगरातल्या पावरा आदिवासी बायका रांगेनं माती वाहत होत्या. केसराक्का शिडीपाशी उभी होती. केस सगळे पांढरे, पाठीला बाक. तिनं मला लगेच ओळखलं.

"धुयानी बाई!" ती म्हणाली. मला ती कायम धुळ्याची बाई म्हणत असे. आवाज गरजेपेक्षा मोठा होता. मी बोलू लागले तसा तिनं हात वर केला आणि दोन्ही कानांवरून फिरवून दाखवला.

"कान गयात, बाई. दोन वरीस व्हयनात. तापमा. बठ्ठा आवाज गया." शेजारून टोपली घेऊन जाणाऱ्या बाईला तिनं बोटानं दिशा दाखवली, मग माझ्याकडे वळली. "तो डोकामधला एकच ऱ्हायना."

मी तिचा हात धरला. खरखरीत, मातीनं भेगाळलेला हात. आणि ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही मी सगळं बोलले. चार टोपल्यांचं, माझ्या होकाराचं, त्या दिवशी अंगणात जे तोंडातून गेलं त्याचं. बोलता बोलता मला रडू आलं. ती माझ्या ओठांकडे एकाग्रतेनं बघत होती. कपाळावर आठ्या आल्या होत्या. काही तरी समजल्यासारखं वाटलं तशी ती घाबरून पुढे झुकली.

"शाळानं धाबं गळत नही ना?"

मी डोळे पुसले. गळत नव्हतं, हे खरं होतं. मी मान हलवून नाही म्हटलं.

तिनं माझा चेहरा क्षणभर नीट पाहून घेतला.

"मंग बरं," ती म्हणाली. माझ्या हातातून आपला हात सोडवला, जवळची टोपली डोक्यावर घेतली आणि शिडी चढू लागली.